हिवाळी सत्राच्या उपलब्धी, तीन प्रतींत

आमच्या शाळेने १९७९-८० च्या हिवाळी सत्रात काय काय मिळवले, ते मला आजही तोंडपाठ आहे. कारण त्यातले बरेचसे मीच, माझ्या घरी, स्टोव्हशेजारी पाट टाकून तयार केले होते.

शाळा पिंपळडोहची. लाखनीला ट्रकांच्या रांगेत एस.टी.तून उतरायचे, पानठेल्यामागून निघालेल्या कच्च्या रस्त्याने धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, ओलांडत सात किलोमीटर चालायचे, आणि जिथे चालण्याचा अगदी वीट येईल तिथे आमचे गाव. शाळेत वर्ग पाचवी ते नववी, म्हणजे पाच, खोल्या चार. सातवी आंब्याखाली भरायची. तिला आम्ही कागदोपत्री 'निसर्गसान्निध्यातील वर्ग' म्हणत असू, आणि पाऊस आला की त्या वर्गाला सुट्टी असे.

दहावी मात्र नव्हती. नववी पास झाली की मुलांनी लाखनीला सायकल हाणायची आणि मुलींनी लग्न करायचे, अशी सुटसुटीत व्यवस्था होती. ती कोणी ठरवली होती कोण जाणे, पण तिच्याविरुद्ध तोवर कुणी अर्ज केला नव्हता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या कार्यालयाचे पत्र आले. दहावीच्या वर्गाची आमची मागणी विचाराधीन असून, शाळेने हिवाळी सत्रातील वार्ता व उपलब्धी यांचा अहवाल सोबतच्या नमुन्यात, पुराव्यांसह, तीन प्रतींत, पंधरा दिवसांच्या आत पाठवावा. नमुन्यात अकरा रकाने होते. पत्रावरची तारीख पाहिली तर पंधरापैकी अकरा दिवस पत्राने प्रवासातच घालवले होते.

हेडमास्तर इश्वररावांनी मला बोलावले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं भाषेवर प्रभुत्व आहे."

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर जी जी संकटे कोसळली, त्यांची सुरुवात याच वाक्याने झाली आहे. जनगणनेच्या वेळी झाली, मतदार याद्यांच्या वेळी झाली, एका मंत्र्यांच्या स्वागतपर पद्याच्या वेळी तर फारच झाली. मी मराठी शिकवत होतो, नववीचा वर्गशिक्षक होतो, आणि शाळेतली शिट्टी माझ्या खुंटीला टांगलेली असायची म्हणून क्रीडाशिक्षकही होतो. आता शाळेचा बखरकारही झालो.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणाच्या कुडाशी बायजाबाई उभी. बायजाबाई म्हणजे मंगरूची बायको. घरची बांधी अर्ध्या एकराची, म्हणून नवराबायको दोघेही लोकांच्या बांध्यांत मजुरीने जायचे, आणि त्यांची धुरपता माझ्या नववीत होती.

"गुरुजी, दहावीचा कागद आला म्हणते?"

मला नवल वाटले नाही. डाक लाखनीहून आमचा शिपाई तुलाराम आणायचा, आणि सात किलोमीटरच्या वाटेत तो ती वाचून काढायचा. हेडमास्तरांना पत्र मिळेपर्यंत गावात त्यावर चर्चा होऊन मतेही पडलेली असायची.

"आला आहे," मी म्हणालो. "अहवाल पाठवायचा आहे. त्यांना पटला तर जूनपासून दहावी."

"नाही पटला त?"

"तर नाही."

बायजाबाईने पदराचे टोक दाताखाली धरले, मग सोडले. "आता काय सांगू जी. अड्याळचं स्थळ आलं हाय. पोरगा चांगला हाय, निशा-पाणी करत नाही. इचा बाप म्हणते, देऊन टाकू. मी म्हटलं, गावात दहावी येऊन राहिली, जरा थांबा. लाखनीले तिले एकटीले मी धाडत नाही, अन् संग जावाले मले टाइम नाही. कधीलोक समजंल?"

"मार्चपर्यंत."

"मार्चलोक थांबवते मी त्याहीले. पण तुमी नीट लिहा जी."

आजवर माझ्या लेखनाला मिळालेली ही एकमेव गंभीर दाद. मी त्याच रात्री नव्हे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो.

पहिला मसुदा मी प्रामाणिकपणे लिहिला. वयाच्या मानाने ही चूक अक्षम्य होती. मी लिहिले: 'या सत्रात शाळेच्या विहिरीचा दोर तुटला. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी मातीचे धरण केले. ते प्रदर्शनात पाणी सोडताच प्रेक्षकांसह वाहिले. वृक्षारोपणाची रोपे बकऱ्यांनी खाल्ली. सहावीच्या हजेरीबुकाचे नोव्हेंबरचे पान बकऱ्यांनीच खाल्ले असावे, असा अंदाज आहे.'

इश्वररावांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले. "मास्तर, हा अहवाल आहे का पंचनामा?"

"घडलं ते लिहिलं."

"घडलेलं कोन विचारून राहिलं? उपलब्धी विचारून राहिले. रोपं लावली का नाही?"

"लावली."

"मंग लावली एवढंच लिहा. बकऱ्या आपल्या पटावर नाहीत."

त्यांचे म्हणणे असे की वाक्य योग्य ठिकाणी थांबवले की ती उपलब्धी होते, आणि पुढे नेले की बातमी. मी त्यानंतर पुष्कळ वाचन केले, पण शासकीय गद्याची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडली नाही. मी थांबायला शिकलो. 'धरणाची प्रतिकृती प्रदर्शनात मांडली.' पूर्णविराम. 'दोनशे रोपांचे वृक्षारोपण केले.' पूर्णविराम. लेखणीला वळण लागले.

इकडे तुलारामने गावात सांगून टाकले होते, की गुरुजी नावे सरकारात पाठवून राहिले. त्यामुळे शेजाऱ्यांचा ओघ सुरू झाला. पहिल्या आल्या गोदावरीबाई. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला गोदावरीबाईंचा कान.

"गुरुजी, माहा जावई जवाहरनगरच्या फॅक्टरीत परमनंट झाला. टाका त्याले."

"गोदावरीबाई, हा शाळेचा अहवाल आहे."

"तुमच्याच शाळेत होता ना तो. सातवीत दोनदा."

"दोनदा नापास झाला म्हणून शाळा सोडली त्याने."

"सोडली म्हणूनच त लागला! शिकत बसला असता त मास्तर झाला असता."

हे त्या निखळ सद्भावनेने म्हणाल्या. मी जावयाला 'माजी विद्यार्थ्यांचे यश' या शीर्षकाखाली घेतला, कारण भिंत एकच होती आणि मला त्याच घरात राहायचे होते. त्यानंतर ज्याचा मुलगा पोलिसात लागला तो आला, ज्याच्या मुलीला जुळे झाले तो आला, आणि एकाने तर आपण स्वतः बिडी सोडल्याचे आरोग्यविषयक उपक्रमात धरावे असा आग्रह धरला. दुसऱ्याच दिवशी तो पानठेल्यावर पुन्हा बिडी ओढताना दिसला, पण तोवर मी नियमाप्रमाणे पूर्णविराम दिलेला होता.

सांस्कृतिक रकाना मंडईने भरला. बाहेरच्यांना सांगायला हवे, की आमच्या भागात दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाची तारीख वेगळी. पाहुणे येतात, दुकाने लागतात, रात्रभर नाटक होते. एका मुलाला मामा, मावशी, आत्या मिळून पाच गावे असली, तर तो पाच मंडया करून डिसेंबरात शाळेकडे फिरकतो; आणि तोवर धान कापायला आलेले असते. कापणी झाली की चुरणी, म्हणजे मळणी, चुरणी झाली की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. या सगळ्यांच्या मधल्या फटींत आम्ही शिक्षण देत असू. तर आमच्या गावच्या मंडईतल्या नाटकात आमचा तुलाराम खलनायक होता आणि रंगमंच शाळेच्या बाकांवर उभा होता. मी लिहिले: 'शाळेच्या सहकार्याने नाट्यप्रयोग.' तीन बाक मोडल्याचे लिहिले नाही, पण पुरावा म्हणून ते जपून ठेवले.

मग क्रीडा. त्यासाठी संस्थेचे अध्यक्ष यादोराव पाटील स्वतः माझ्या घरी आले. ते खुर्चीवर बसले म्हणजे खुर्ची त्यांच्या मालकीची झाल्यासारखी वाटायची.

"मास्तर, खेळात काय लिहिलं?"

"नववीतली धुरपता लाखनीच्या स्पर्धेत पंधराशे मीटर धावण्यात पहिली आली. सत्तावीस डिसेंबरला. अनवाणी धावली, साहेब. दुसरी जी आली ती दिसायलासुद्धा नव्हती मागे."

हे मात्र अक्षरशः खरे होते. ती आदल्या दिवसापर्यंत धान कापत होती. मीच तिला बांधीवरून उचलून लाखनीला नेले होते. शर्यत संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की गुरुजी, आता जाऊ का, भारे बांधाचे हायेत.

"बरं हाये," यादोराव म्हणाले. "पोट्टीचं बरं हाये. पण आपली जोडी शंकरपटात पहिली आली, ते लिहा अगोदर."

"बैलांची?"

"मंग काय माणसाची? आठ गावच्या जोड्या होत्या."

"साहेब, बैल शाळेचे विद्यार्थी नाहीत."

"हाकाले धुरेवर कोन होता? माहा पुतण्या. तो आहे ना तुमच्या नववीत?"

होता. तीन वर्षांपासून होता. दिवाळीनंतर तो शाळेत आला नव्हता, पण नववीत निश्चित होता. एवढा स्थिर विद्यार्थी मी पाहिला नाही. मी म्हणालो की बैलांचे नाव शालेय अहवालात चमत्कारिक दिसेल. यादोराव म्हणाले, शाळेची जागा कोणी दिली ते मास्तरांना ठाऊक असेलच. ते मला ठाऊक होते. क्रीडा रकान्यात शंकरपट वरती, मोठ्या अक्षरात गेला. धुरपता खालच्या रेघेत, जागा उरली तितक्यात.

आता उरले दोनच रकाने, आणि तेच जीवघेणे होते. चौथा: नववीची सरासरी हजेरी, पंच्याऐंशी टक्क्यांहून कमी नसावी. पाचवा: नववीची पटसंख्या, तीसहून कमी नसावी. (अकरावा, 'कार्यानुभव' नावाचा, कोणालाच कळला नाही, तिथे आम्ही आडवी रेघ मारली.)

नववीत नावे सदतीस. त्यांतली सोळा मुले नोव्हेंबरपासून बांध्यांत. सगळी धरली तर हजेरी चोपन्न टक्के, आणि सोळा नावे कमी केली तर हजेरी त्र्याण्णव, पण पट एकवीस. एक सबंध रात्र मी हे आकडे उलटेसुलटे करून पाहिले. आमच्या गणिताच्या मास्तरांनाही विचारले. ते म्हणाले की हे गणितात बसत नाही.

इश्वररावांनी ते बसवले. "पाचव्या रकान्यात तारीख मागितली आहे का?"

"नाही."

"चौथ्यात?"

"नाही."

"मंग पटसंख्या एक डिसेंबरची द्या, सदतीस. पंधरा डिसेंबरच्या तारखेनं गैरहजर पोट्टे कमी करा, अन् हजेरी त्यानंतरची द्या. त्र्याण्णव."

दोन्ही आकडे खरे होते. फक्त त्यांची एकमेकांशी कधी भेट झाली नव्हती. "नंतर मार्चात घेऊ की परत," इश्वरराव म्हणाले. "पोट्टे कुठं जातात?"

मी हजेरीबुक उघडले, पट्टी ठेवली आणि लाल शाईने सोळा आडव्या रेघा मारल्या. यादोरावांच्या पुतण्याची ओळ पाठ होती, ती तेवढी सोडली. बाकी नावे वाचली नाहीत. सोळा रेघा मारायच्या असल्या की माणूस नावे वाचत नाही, ओळी मोजतो. अहवाल तीन प्रतींत गेला. जवाहरनगरच्या एका ओळखीच्या टायपिस्टने तो टाइप करून दिला आणि म्हणाला, "अशी शाळा असताना तुम्ही लोक पोरं नागपूरला कशाला पाठवता?" मी नम्रपणे मान खाली घातली.

फेब्रुवारीच्या शेवटी तपासणीला साहेब आले. त्यांना सगळे जण भय्याजी साहेब म्हणत. पांढरी टोपी, बगलेत फाइल, बोलणे कमी. इश्वररावांनी त्यांना दुपारी बारापासून चारपर्यंत जेवू घातले, तरी ते जागे राहिले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

साहेब एकेका रकान्यावर बोट ठेवून पुरावा मागू लागले.

"वृक्षारोपण?"

आम्ही खड्डे दाखवले.

"रोपं?"

"खड्डे दोनशे आहेत, साहेब, मोजून घ्या," इश्वरराव म्हणाले.

साहेबांनी रोपे मिळाल्याची पावती पाहिली, सही पाहिली, बरोबरची खूण केली. धरणाच्या प्रतिकृतीला सहभागाचे प्रमाणपत्र होते, खूण. नाट्यप्रयोगाला मोडलेले बाक होते; साहेबांनी एकावर बसून पाहिले, उठले, खूण केली. गोदावरीबाईंचा जावई फॅक्टरीचा पास घेऊन व्हरांड्यात हजर होता, खूण. मग शंकरपट. यादोरावांनी बैलजोडीच आणून शाळेच्या आवारात बांधली होती, शिंगांना बेगड लावून. साहेब बराच वेळ बैलांकडे पाहत राहिले. मग त्यांनी पुतण्याचे नाव हजेरीबुकात शोधले, सापडले, खूण केली. यादोरावांच्या हुकुमावरून बैलांच्या पाठीवर शाली टाकण्यात आल्या, आणि साहेबांच्या हस्ते नारळ देण्यात आला. नारळ पुतण्याने घेतला. बैलांनी शाली खाऊन पाहिल्या.

"आता ही," साहेबांचे बोट खालच्या रेघेवर आले. "धुरपता मंगरू. पंधराशे मीटर. बोलवा."

तुलाराम धावत गेला आणि धुरपताला खळ्यावरून घेऊन आला. मागून बायजाबाई. दोघींच्या केसांत धानाचा भुसा. धुरपताने हातातले प्रमाणपत्र पोलक्याला पुसून पुढे केले.

साहेबांनी ते वाचले. मग हजेरीबुक. बोट वरून खाली गेले, खालून वर आले, आणि एका लाल रेघेवर थांबले.

"ही मुलगी शाळेत नाही."

इश्वरराव चष्मा पुसू लागले.

"पंधरा डिसेंबरला नाव कमी केलं आहे. स्पर्धा सत्तावीस डिसेंबरला. म्हणजे शाळेनं बाहेरचा खेळाडू उतरवला." त्यांनी टोपी सारखी केली. "बोगस खेळाडू. हे गंभीर आहे, हेडमास्तर. मला प्रस्तावावर प्रतिकूल शेरा मारावा लागेल."

वाचकहो, स्थिती लक्षात घ्या. न उगवलेली झाडे खरी ठरली होती, वाहून गेलेले धरण उभे होते, बैल क्रीडापटू झाले होते. सबंध अहवालात एकच ओळ अशी होती की जी मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि तीच खोटी निघाली. खोट्या ओळींना कागद होते. खरीच्या अंगावर माझी लाल रेघ होती.

इश्वरराव माझ्याकडे पाहत होते. त्या पाहण्याचा अर्थ सरळ होता: गप्प बसा, पोट्टीवर जाऊ द्या, ही ओळ काढून टाकतो म्हणू, बाकीचे दहा रकाने शाबूत आहेत.

बायजाबाई मात्र साहेबांसमोर येऊन उभी राहिली. "साहेब, एक विचारू? पोरगी पळाली का नाही पळाली?"

"पळाली असेल."

"पहिली आली का नाही आली?"

"बाई, प्रश्न तो नाही."

"मंग परश्न काय हाय? या शाळेतली नाही म्हणता, त कोनच्या शाळेतली हाय? पाचवीपासून इथंच येते. तिच्या पायाची वाट पडली आमच्या घरापासून." मग ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, तुमी सांगा ना त्याहीले. तुमी त नेली होती तिले."

धुरपताने हजेरीबुकातली रेघ पाहिली आणि मग माझ्या खिशातला लाल पेन पाहिला. हुशार मुलगी होती. तसे मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेच होते.

मी उभा राहिलो. शूर नव्हतो, बसवत नव्हते म्हणून उभा राहिलो. "साहेब, मुलगी शाळेचीच आहे. रेघ चुकीची आहे. मी मारली. जानेवारीत मारली आणि डिसेंबरची तारीख टाकली."

"का?"

"हजेरी त्र्याण्णव टक्के व्हावी म्हणून."

यादोरावांनी खुर्ची मागे सारली. इश्वररावांनी डोळे मिटले. व्हरांड्यात गोदावरीबाईंचा जावई आपला पास हळूच खिशात घालू लागला.

"मग खरी हजेरी किती?"

"चोपन्न."

"म्हणजे रकाना चार बाद." साहेबांनी टोपण काढलेला पेन हवेत धरला. "मास्तर, तुम्हाला कळतं का, तुम्ही काय बोलताय? बोगस खेळाडू म्हटलं असतं तर एक शेरा. आता खोटं रजिस्टर. ही मुलगी शाळेची ठरली, आणि शाळेची दहावी गेली."

हेही बरोबर होते. मी धुरपताला तिचे नाव परत दिले आणि तिची दहावी घालवली, एकाच वाक्यात. माझे भाषेवर प्रभुत्व होते.

बायजाबाईला एवढेच कळले की दहावी गेली. "अड्याळवाल्याले हो म्हणा लागते मंग," ती हळूच म्हणाली, कोणालाच नाही.

तेवढ्यात तुलाराम चहा घेऊन आला. तो खलनायकाचे काम करायचा, त्यामुळे त्याला बरोबर वेळी प्रवेश करायची सवय होती. साहेबांपुढे कप ठेवून तो तिथेच उभा राहिला.

"साहेब, चोपन्न म्हणून राहिले, पण ते पोट्टे काही घरी निजून नव्हते जी. धान कापून राहिले होते. भारे बांधत होते. या पोट्टीनं त दीड महिना काम केलं. काम बी झालं अन् अनुभव बी आला." आणि बोट न लावता, नुसत्या हनुवटीने त्याने अकराव्या रकान्याकडे, आमच्या आडव्या रेघेकडे, खूण केली.

कार्यानुभव.

साहेब त्या रेघेकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपली फाइल उघडली, आतला एक मोठा तक्ता काढला आणि स्वतःशीच म्हणाले, "मलाही वर हाच रकाना पाठवायचा आहे. तेहतीस शाळा तपासल्या. तेहतीस रेघा."

"साहेब, पोट्टे शाळेच्याच कामावर होते असं समजा," इश्वररावांनी डोळे उघडले. माणूस क्षणात जागा झाला. "तशी योजनाच होती आमची. मास्तर, होती ना?"

मला पुन्हा एकदा योग्य ठिकाणी थांबायचे होते. मी धुरपताकडे पाहिले. "मुलं काम करत होती, हे खरं आहे," मी म्हणालो, आणि पूर्णविराम दिला.

"धान कापता येतं तुला?" साहेबांनी धुरपताला विचारले.

"हो जी. चौघीच्या पाती एकटीच धरते."

साहेबांनी लिहिले: 'स्थानिक गरजांशी निगडित कार्यानुभवाचा अभिनव उपक्रम. सोळा विद्यार्थी, पंचेचाळीस दिवस. सर्व उपस्थित समजावेत.' मी निळ्या शाईने सोळा रेघा रद्द केल्या, प्रत्येकीपुढे 'नजरचुकीने' लिहून सही केली. हात दुखला. या वेळी सोळाही नावे वाचली. हजेरी पंच्याण्णव टक्के झाली, म्हणजे मी खोटी लिहिली होती त्याहून दोन टक्क्यांनी जास्त.

जूनमध्ये दहावी आली. आंब्याखाली आता दोन वर्ग भरू लागले.

पण सरकारी कागदाला एकदा पाय फुटले की तो हिंडून परत घरी येतो. पुढच्या ऑक्टोबरात परिपत्रक आले. एका शाळेच्या अभिनव उपक्रमाची दखल घेऊन असे ठरले होते, की कापणीच्या काळात इयत्ता दहावीने आठवडाभर कार्यानुभव म्हणून धान कापावे. वर्गशिक्षकाने प्रत्यक्ष सहभाग घ्यावा. हजेरी बांधीवर घ्यावी. बांधीवर नसलेला विद्यार्थी गैरहजर समजावा.

यादोरावांनी शिक्षणासाठी आपली बारा एकर देऊ केली. तेव्हा बायजाबाई गावातल्या कापणीच्या बाया घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, "पोट्टे तुमचं धान फुकट कापतील, त आमी काय कापू जी?" यावर कोणाजवळ परिपत्रक नव्हते. शेवटी शाळेला लागून असलेली मंगरूची अर्ध्या एकराची बांधी ठरली; तिथे कोणाचीच मजुरी बुडत नव्हती.

पहिल्या दिवशी मी धोतर खोचून, हातात विळा घेऊन चिखलात उतरलो. माझ्या मराठीच्या वर्गात जी मुले माना घालून बसायची ती आता माना वर करून हसत होती. बायजाबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मार्गदर्शन करत होती.

"गुरुजी, बुडातून कापा. शेंडे काय कापता, हजामत हाय का?"

मी बुडातून कापले. धानाच्या चार काड्या आणि डाव्या हाताचे एक बोट. "राहू द्या, राहू द्या," बायजाबाई ओरडली, "शाळेत जाऊन लाल दवा लावा. अन् लवकर या, अर्धी बांधी पडून हाय."

शाळेत सगळीकडे शुकशुकाट. दवा शोधत गेलो तर दहावीच्या खोलीत धुरपता एकटी बसलेली, समोर भूमितीचे पुस्तक.

"अगं, तू इथे? सगळा वर्ग तुमच्याच बांधीत आहे!"

"माहीत हाय जी." ती उठून उभी राहिली. "आईनंच बसवलं. म्हणे, तू आजलोक बहुत कापलं. यंदा गुरुजी कापून राहिले, तू शिकून घे." मग माझे बोट पाहून हसू दाबत म्हणाली, "अड्याळवाल्याहीले बी सांगतलं तिनं. मॅट्रिक होऊ द्या, मंग या."

मी बोटाला चिंधी बांधली आणि हजेरीबुक उघडले. परिपत्रकाप्रमाणे आज सगळी दहावी हजर होती. गैरहजर एकच, जी शाळेत बसून अभ्यास करत होती. मी पेन उघडला. निळा. तिच्या नावापुढे 'हजर' लिहिले, वाळू दिले, आणि पुन्हा बांधीवर गेलो.

उशीर केला म्हणून बायजाबाईने मला पातीच्या टोकाला, सगळ्यात दाट धान होते तिथे, उभे केले.